फिरलेला ओंडका

डोंगराच्या उतारावर एक दाट जंगल होते. त्या जंगलात, अगदी जमिनीलगत, कोणाच्या फारसे लक्षात न येता एक चिचुंद्री राहत असे. तिचे नाक लांब आणि सारखे हलणारे, कान बारीक, अंग राखाडी आणि मऊ. डोळे होते, पण मोहरीच्या दाण्याएवढे. उजेड कुठे आणि सावली कुठे, एवढेच काय ते त्या डोळ्यांना कळे. झाड, डोंगर, आभाळ यांतले काही तिने कधी पाहिले नव्हते. आणि पाहिले नव्हते म्हणून तिचे काही अडलेही नव्हते.

मग ती हिंडत कशी असेल, असे तुम्हांला वाटेल. बाळांनो, घरातला दिवा गेला तर तुम्ही अंधारात उठून माठापर्यंत जाता की नाही? उंबरा आला की पाय आपोआप उचलतो. कोपरा आला की हात आपोआप भिंतीला लागतो. तिथे डोळे काही करत नाहीत. घर तुमच्या अंगात बसलेले असते. चिचुंद्रीचे सगळे जगच असे अंगात बसलेले होते. वाट नवी असली की ती बोटबोट सरके, मिशांनी सगळे चाचपून बघे, नाकाने हुंगे, थांबे, मागे येई, पुन्हा सरके. असे करता करता वाट अंगात मुरली, की मग मात्र ती त्या वाटेवरून सुसाट पळे. कुठे उडी घ्यायची, कुठे वाकायचे, हे तिला आठवावे लागत नसे. पाय सगळे जाणत.

तिची रोजची वाट एकच. बिळातून निघायचे ते थेट एका पडलेल्या जुन्या ओंडक्यापर्यंत. तो ओंडका आतून पोकळ होता, आणि त्या पोकळीत किडे, अळ्या, गोमा असे तिचे सगळे खाणे असे. पोट भरले की ओंडक्याच्या फुटक्या टोकातून बाहेर यायचे आणि नाक समोर ठेवून पळत सुटायचे. थोडे पळाले की एक गोल गोटा, त्यावरून उडी. मग पायांखाली गार, ओली पट्टी. मग वाटेत आडवी आलेली वेल, तिच्याखालून वाकून. मग डाव्या मिशीला भिंत लागे, खडबडीत आणि हळूहळू वळत जाणारी. ती भिंत जिथे संपे तिथे बीळ, आणि बिळात तिची चार पिल्ले.

पिल्ले अजून फारच लहान होती. अंगावर लव नाही, डोळे मिटलेले, गुलाबी. त्यांना दुधाइतकीच ऊब लागे. आई थोडा वेळ बाहेर गेली तर ती एकमेकांच्या पोटात शिरून पडून राहत. फार वेळ गेली, तर गार पडू लागत. म्हणून चिचुंद्रीचे जाणेयेणे झटपट असे. जाताना ती प्रत्येकाला नाक लावून सांगे, “आलेच हं. हलू नका.” कुठे हलणार होती ती! पण आईने सांगायचे ते सांगितलेच पाहिजे.

एका सकाळी ती अशीच ओंडक्याच्या पोकळीत शिरून खात होती. पाऊस नुकताच सरला होता, माती अजून मऊ होती, आणि मऊ माती म्हणजे रानडुकरांची चंगळ. मातीतले कंद खायला त्यांचा एक कळप उतारावर आला. मुस्काटे घालून त्यांनी सगळी जमीन नांगरल्यासारखी उकरून काढली. एका मोठ्या डुकराला ओंडक्याखाली काहीतरी चांगले असल्याचा वास आला. त्याने नाक घालून ओंडका रेटला. दुसऱ्याने दुसरीकडून रेटला. ओंडका गडगडला, घरंगळला, एका बुंध्यावर आपटला आणि गर्रकन फिरून थांबला.

आत चिचुंद्रीची काय अवस्था झाली असेल! खालचे वर आणि वरचे खाली होत होते. तिने नखे लाकडात रुतवून अंग चोरून घेतले. सगळे शांत झाले, डुकरांचे घुरघुरणे लांब गेले, तेव्हा ती थरथरत उठली. “झालं बाई एकदाचं,” ती म्हणाली, “आता पहिलं घर गाठायचं.” आणि रोजच्यासारखी फुटक्या टोकातून बाहेर येऊन, रोजच्यासारखे नाक समोर ठेवून पळत सुटली.

आता तुमच्या लक्षात आलेच असेल. ती बरोबर पळत होती, पण ओंडकाच उलटा झाला होता. जे टोक आधी घराकडे होते ते आता डोंगराकडे होते. पण हे तिला कसे कळावे? लाकडाच्या पोटात बसलेल्याला लाकूड कुठे फिरले ते कळत नाही.

ठरलेल्या जागी तिने गोट्यावरून उडी घेतली. गोटा नव्हताच! ती उंच उडाली आणि दाणकन नाकावर आपटली.

वरून कोणीतरी फिस्सकन हसले. एका फांदीवर एक खार शेपटी पाठीवर टाकून बसली होती.

“काय गं चिचुंद्रे,” खार म्हणाली, “सकाळी सकाळी हवेवरून उड्या?”

“इथं गोटा असतो, खारुताई.”

“कुठं आहे? मला तर काही दिसत नाही.”

पाढा म्हणताना मध्येच अडखळले की तुम्ही काय करता? पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. चिचुंद्रीचीही तीच सवय. ती वळली, आपल्याच पावलांचा वास घेत ओंडक्यापर्यंत परत गेली, फुटक्या टोकाला नाक लावले आणि पुन्हा निघाली. पुन्हा त्याच जागी उडी. पुन्हा नाकावर.

खारीला हसू आवरेना. तिने पुढच्या पायांनी पोट धरले. “अगं, एकदा पडली ती पडली. तिथंच जाऊन पुन्हा पडायचं हे कुणी शिकवलं तुला?”

“नेम चुकला असेल माझा,” चिचुंद्री हळूच म्हणाली. आणि तिसऱ्या खेपेला ती पडूनही थांबली नाही. उठली आणि तशीच पुढे गेली. ओली पट्टी लागायला हवी तिथे पायांखाली कोरडा कचरा लागला. वेल असते तिथे ती वाकली, पण वर काहीच नव्हते. डावीकडे मिशा पसरल्या, पण भिंत मिशीला लागली नाही. तरी तिच्या अंगात जेवढी वाट होती तेवढी ती पळाली. वळण होते तिथे वळली आणि घर असते तिथे येऊन थांबली.

तिथे घर नव्हते. डुकरांनी उकरलेली भुसभुशीत माती होती. नाकात त्याच मातीचा आणि डुकरांचा उग्र वास भरला होता. दुसरा कसलाच वास येत नव्हता.

तिच्या मनात काय आले ते सांगायलाच नको. ती मातीत पाय घालून उकरू लागली. “बाळांनो,” ती म्हणत होती, “आले हं. आले मी.” ती एका बाजूला उकरे, मग दुसऱ्या बाजूला. माती तिच्याच अंगावर ढासळे. ती झटकून पुन्हा उकरे.

फांदीवरचे हसणे थांबले.

एवढ्यात एक ससा उड्या मारत तिकडून चालला होता. तो मनाने चांगला होता, पण घाईत होता. ससे घाईत असतातच.

“काय शोधतेस गं?” तो थांबून म्हणाला.

“घर शोधते, ससेभाऊ. इथं होतं. आत पिल्लं आहेत.”

“घर हरवलं होय? त्यात काय घाबरायचं! उंचवट्यावर उभं राहायचं, कान टवकारायचे आणि चारी बाजूंना नीट बघायचं. घर दिसतंच.”

“मला दिसत नाही, ससेभाऊ.”

“मग दिसेपर्यंत बघायचं,” ससा म्हणाला. आपण अगदी उपयोगाचे काहीतरी सांगितले, अशा समाधानाने तो गवतात निघून गेला.

चिचुंद्री पुन्हा उकरू लागली. ऊन वर चढत होते. ते तिच्या पाठीवर तापत होते, आणि जसजसे तापत होते तसतशी ती बिळातल्या थंड मातीची आठवण येऊन आणखी घाबरी होत होती. एव्हाना पिल्ले एकमेकांच्या पोटात शिरली असतील. एव्हाना सगळ्यांत धाकटे, जे नेहमी कडेला ढकलले जाते, ते कुडकुडू लागले असेल.

“चिचुंद्रे,” वरून खारीचा आवाज आला. आता त्यात चेष्टा नव्हती. “तुला पिल्लं आहेत हे मला कुठं ठाऊक होतं? रडू नकोस. मला सगळं जंगल दिसतं वरून. तुझं घर कुठल्या झाडाखाली आहे ते सांग. मी तुला आत्ता दाखवते.”

“झाडाखाली?” चिचुंद्री म्हणाली. “झाड नाही तिथं. भिंत आहे.”

“भिंत? जंगलात कसली भिंत?”

“खडबडीत आहे. वळत वळत जाते. मिशीला लागते आणि मग संपते. संपली की घर.”

खारीने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, खालच्या फांदीवर येऊन पाहिले, शेंड्यावर जाऊन पाहिले. भिंत कुठेच नव्हती. “अशी भिंत नाही गं या जंगलात,” ती म्हणाली. “तू काहीतरी विसरतेस.”

“घर कसं विसरेन मी?”

मग जरा चाचरत खारीने जे विचारले ते त्या दिवशी कोणीच विचारले नव्हते.

“बरं, मला एक सांग. तू रोज जातेस कशी? अगदी पहिल्यापासून सांग.”

“सांगता नाही येत,” चिचुंद्री म्हणाली. “पळता येतं.”

“मग पळून दाखव. मी बघते. हसणार नाही.”

चिचुंद्री चौथ्यांदा ओंडक्यापाशी गेली. या वेळी ती सावकाश पळाली, आणि पळता पळता बोलत गेली. “फुटक्या टोकापासून नाक समोर. इथं गोटा. इथं पाय गार होतात. इथं वेल, खालून जायचं. इथं डाव्या मिशीला भिंत. वळते, वळते, वळते...”

खार वरून बघत होती. आणि वरून बघणाऱ्याला जे दिसते ते खालून पळणाऱ्याला दिसत नाही. त्या मोकळ्या मातीवर चिचुंद्रीच्या पळण्याने एक आकार उमटला होता. आधी सरळ, मग थोडा झोल, मग मोठा वाकडा पसारा. हा आकार आपण कुठेतरी पाहिला आहे, असे खारीला वाटू लागले. तिने मान फिरवून ओंडक्याच्या पलीकडे पाहिले. तिथे एक लांबट पिवळा पट्टा होता. ओंडका वर्षानुवर्षे पडून राहिल्याने तिथे गवतच उगवले नव्हते. त्या पट्ट्याच्या टोकापासून तिने नजर पुढे सरकवली. सरळ. तो काय, गोल गोटा! तो काय, झऱ्याचा पाझर. ती लोंबती वेल. आणि पुढे, मातीतून वर आलेले, जाडजूड, वळत वळत गेलेले...

“अगं बाई!” खार ओरडली. “अगं, भिंत नाही ती! ते मूळ आहे. बेहड्याचं मूळ. माझ्या बेहड्याचं!”

“बेहडा म्हणजे काय?”

“तू बेहड्याखाली राहतेस आणि बेहडा तुला माहीत नाही?”

“तू बेहड्यावर राहतेस,” चिचुंद्री म्हणाली, “आणि मी खाली राहते हे तुला माहीत होतं का?”

खार थोडी खाली सरकली. “तुझं घर मोडलेलं नाही,” ती म्हणाली. “डुकरं बेहड्यापर्यंत गेलीच नाहीत. ओंडका फिरलाय, चिचुंद्रे. तू नाही चुकलीस. जे टोक बेहड्याकडं होतं ते आता डोंगराकडं आहे. मी पाहिलं ना फिरताना.”

“तू पाहिलं होतंस?”

“सकाळीच. इथूनच.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं,” खार खाली बघत म्हणाली, “सगळ्यांना दिसलंच असेल.”

चिचुंद्री रागावली नाही. रागवायला तिच्याजवळ वेळ नव्हता. “कुणीकडं जाऊ ते सांग,” ती म्हणाली. “लवकर सांग.”

“सोपं आहे! मी बेहड्यावर जाऊन हाका मारते. तू हाकेच्या रोखानं ये.”

खार या फांदीवरून त्या फांदीवर झेपा टाकत बेहड्यावर गेली आणि ओरडू लागली. “ये! इकडं ये! इथं! इथं!”

चिचुंद्री निघाली. पण तो आवाज वरून, पानांतून गाळून खाली येत होता. तो पुढे होता, मागे होता, सगळीकडे होता. तिच्या दृष्टीने तो आभाळातून येत होता, आणि आभाळात जाणारी वाट तिला ठाऊक नव्हती. ती थोडी उजवीकडे गेली. मग थोडी डावीकडे. मग उकरलेल्या मातीच्या एका खळग्यात घसरली आणि तिचा सगळाच रोख गेला.

“अगं, तिकडं कुठं! इथं म्हणते ना मी!”

“‘इथं’ म्हणजे कुठं, खारुताई?” खळग्यातून बारीक आवाज आला. “मी जिथं आहे ते पण ‘इथं’च आहे.”

खारीने आणखी एकदा हाक मारायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. खाली मोकळे रान होते. मोकळ्या रानात, भर उन्हात, खार सहसा उतरत नाही. शिकरा वरूनच झडप घालतो. तिने आभाळाकडे पाहिले, खळग्यातल्या त्या राखाडी ठिपक्याकडे पाहिले, आणि खोडावरून खाली आली. खालून जंगल किती वेगळे दिसते! ज्या गवताच्या काडीकडे तिने वरून कधी लक्षही दिले नव्हते, ती काडी आता तिच्या नाकासमोर आडवी उभी होती.

ती धावत खळग्यापाशी आली. “आले मी,” ती म्हणाली. “चल माझ्यामागून.”

“मला तू दिसत नाहीस.”

“मग काय करायचं?”

“आमच्यात,” चिचुंद्री जराशी लाजत म्हणाली, “पिल्लांना नवी वाट दाखवायची असली, की पिल्लू आईची शेपटी तोंडात धरतं. त्याच्यामागचं त्याची धरतं. अशी माळ करून जातो आम्ही. कुणी सुटत नाही.”

खारीने आपल्या शेपटीकडे पाहिले. शेपटी म्हणजे तिचा सगळा डौल. दिवसातून कितीतरी वेळा ती तिला चाटून पुसून ठेवी. तिने वळून ती झुपकेदार शेपटी खळग्यात सोडली.

“धर,” ती म्हणाली. “पण चावू नकोस हं.”

एवढी मोठी आई असलेली चिचुंद्री, लहान पिल्लासारखी शेपटी तोंडात धरून वर आली. खारीने सवयीप्रमाणे एक उडी घेतली आणि चिचुंद्री भेंडोळ्यासारखी मागे उडून आपटली.

“उड्या नको!” तोंडात केस अडकलेली चिचुंद्री पुटपुटली.

“मग कसं जायचं?”

“चालून.”

“चालून?” खारीने आजवर कधी चालून पाहिले नव्हते. ती झेपावे, पळे, चढे, उतरे, लोंबकळे. पण एकापुढे एक पाय टाकून, मागच्याचा अंदाज घेत चालणे हे तिला नवीनच होते. पहिल्या पावलाला ती अडखळली. दुसऱ्याला थबकली. मग मागून हलकासा ताण आला की थांबायचे, ताण सैल झाला की निघायचे, हे तिला कळले. तिचे कान आभाळाकडे लागलेले होते, पाठीचा एकेक केस उभा होता. तरी ती चिचुंद्रीच्या पावलाने चालली.

ओंडक्याच्या जुन्या जागेवर आल्या तेव्हा चिचुंद्री थांबली. पायांखाली दबलेली, गुळगुळीत माती होती. कुजक्या लाकडाचा वास होता. तिची मान एकदम वर झाली.

“ओळखीचं आहे?” खारीने विचारले.

चिचुंद्रीने शेपटी न सोडता मान हलवली. तरी पुढची जमीन डुकरांनी फाडलेली होती, म्हणून ती शेपटी धरूनच चालली. ढेकूळ, खळगा, उपटलेले गवत. आणि मग तिची मिशी कशाला तरी लागली. थंड, गोल, गुळगुळीत.

तो गोटा होता.

तिने शेपटी सोडली. खारीला वळायलाही वेळ मिळाला नाही. चिचुंद्री जी उडाली ती गोट्यावरून नेमकी पलीकडे, पाय न अडखळता. ओल्या पट्टीवरून चपचप आवाज झाला. वेलीखाली ती वाकली आणि वेल नुसती हलली. मग मुळाच्या कडेकडेने एक राखाडी रेघ सरसर गेली, वळली, वळली आणि दिसेनाशी झाली. इतकी धडपडणारी, इतकी पडणारी ही चिचुंद्री अशीही पळते, हे खारीने पहिल्यांदाच पाहिले.

बिळात पिल्ले एका कोपऱ्यात गोळा होऊन पडली होती. तीन वळवळत होती. चौथे, कडेला ढकलले गेलेले धाकटे, हलत नव्हते. चिचुंद्रीने ते नाकाने ओढून पोटाखाली घेतले. बाकीची आपणहून चिकटली. तिने अंग सगळ्यांवर पसरले आणि डोळे मिटले. धाकट्याचे अंग दगडासारखे गार होते. ती त्याला चाटत राहिली. त्याच्या पाठीवर, पोटावर, मिटलेल्या डोळ्यांवर जीभ फिरवत राहिली. कितीतरी वेळ असाच गेला.

बाहेर खार बेहड्याच्या मुळावर बसून होती. आत जावे तर तोंड बारीक. वर जावे तर पाय उचलत नव्हते. शिकऱ्याचीही आठवण तिला राहिली नाही. सगळे जंगल शेंड्यावरून दिसत होते, पण आपल्याच झाडाखाली काय चालले आहे ते तिला दिसत नव्हते. तेव्हा तिने कान मुळाला लावला. आधी काहीच ऐकू आले नाही. मग आतून बारीक, अगदी केसाएवढे बारीक, चुकचुकणे ऐकू आले. एक. दुसरे. तिसरे.

खार वाट पाहत राहिली. आणि मग, सगळ्यांहून कच्चे, अडखळत, चौथे.

“आहेत ना गं?” तिने हळूच विचारले.

“आहेत,” आतून आवाज आला. “सगळी आहेत.”

खारीने मोठा श्वास सोडला.

“खारुताई,” थोड्या वेळाने चिचुंद्री म्हणाली, “तुझं घर कुठं आहे?”

“तुझ्याच वर.”

“वर म्हणजे कुठं?”

खार सांगणार होती, की खोडाला तिसरी मोठी फांदी फुटते तिथे, मोठ्या ढोलीच्या अलीकडे, पानांच्या झुपक्यात. पण तिने ते सांगितले नाही. तिने जरा विचार केला. मग म्हणाली, “मूळ तुझ्या अंगाला लागतंय ना? मग थांब तशीच.” ती सरसर खोडावर चढली, आपल्या घरट्यापाशी गेली, आणि तिथल्या फांदीवर तिने मागचे दोन्ही पाय जोराने आपटले. धप. धप.

ते धपधप फांदीतून खोडात आले, खोडातून मुळात उतरले आणि मुळाला टेकलेल्या चिचुंद्रीच्या कुशीत पोचले. आयुष्यात पहिल्यांदा तिला कळले, की आपली भिंत वर कुठेतरी जाते, फार उंच जाते, आणि तिथे कोणीतरी राहते.

पुढे फिरलेल्या ओंडक्यापासूनची नवी वाट चिचुंद्रीने बोटबोट सरकून अंगात मुरवली. पिल्लांना लव आली, डोळे उघडले. आणि रोज तिन्हीसांजेला बेहड्याच्या मुळात धपधप होई. मग पिल्ले कान टवकारत, आणि चिचुंद्री त्यांना सांगे, “घाबरू नका. वरची मावशी घरी आली.”

तात्पर्य : जे आपल्याला दिसते ते सगळ्यांना दिसतेच असे नाही, म्हणून वाट चुकलेल्याला आपल्या जागेवरून हाका मारत बसू नये, तो उभा आहे तिथे जावे आणि त्याच्या पावलाने त्याच्याबरोबर चालावे.